गवताचे बल आणि चरणारे जनावर

कागदास कडेला लहानशी चीर पाडून तो ताणला असता चीर वेगाने पुढे सरकते. गवताचे पाते असे वागत नाही. खाचेमुळे पात्याची जितकी रुंदी कमी होते, साधारणतः तितक्याच प्रमाणात त्याचे ताणबल घटते. या गुणाचे मूळ पात्याच्या रचनेत आहे. समांतर शिरांच्या लगत दृढोतकाचे, म्हणजे जाड भित्तींच्या कोशिकांचे, तंतू असतात व त्यांच्यामध्ये मृदू ऊतक असते. एक तंतू तुटला तरी हे दुर्बळ ऊतक त्याचा ताण शेजारच्या तंतूवर केंद्रित होऊ देत नाही. परिणामी प्रत्येक तंतू स्वतंत्रपणे तोडावा लागतो.

इंग्लंडमधील रीडिंग विद्यापीठातील ज्युलियन व्हिन्सेंट यांनी बारमाही रायगवताचा (लोलियम पेरेन) या दृष्टीने अभ्यास करून १९८२ साली तो प्रसिद्ध केला. पात्याच्या आडव्या छेदात दृढोतकाचा वाटा अवघा ४ टक्क्यांच्या आसपास असूनही लांबीच्या दिशेतील ताठरपणापैकी सुमारे ९० टक्के वा अधिक भाग त्याच्यामुळेच येतो, असे त्यांना आढळले.

गाईस वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. जिभेने ओढलेला झुबका खालचे दात व वरची कठीण गादी यांत धरून ती मानेच्या हिसक्याने तोडते. झुबक्यातील तंतू जितके अधिक, तितके बल अधिक लागते. पुढे रवंथातही हाच अडथळा येतो. मेंढीच्या रोमंथिकेतून सुमारे १ मिलिमीटरहून मोठे कण क्वचितच पुढे सरकतात. चिवट चारा बारीक होण्यास विलंब लागतो, कोठा भरलेला राहतो आणि नवा चारा कमी खाल्ला जातो. पोट भरलेले असूनही जनावर कुपोषित राहते, ते यामुळे.

महाराष्ट्रातील मारवेल, कुसळी इत्यादी उष्णकटिबंधीय गवतांत शिरा अधिक दाट असतात. फुलोऱ्यानंतर काड्यांचे व लिग्निनाचे प्रमाण वाढते, तर प्रथिने घटतात. बी झडल्यावर वाळलेले गवत कापल्यास गंजी मोठी दिसते, परंतु तिचे पोषणमूल्य त्या मानाने अल्प असते. यास्तव चाऱ्याचे वाण निवडताना व कापणीचा काळ ठरविताना उत्पन्न आणि प्रथिने यांच्या जोडीस ताणबल व कर्तनबल यांचेही मापन होणे अगत्याचे आहे.