ग्रॅनाइटला लागलेली धग

सह्याद्री पूर्वी आजच्याहून किती उंच होता? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी साचलेल्या लाव्हाच्या थरांपैकी किती झिजून वाहून गेले, हे या प्रश्नामागचे खरे कोडे. मला त्याच्या उत्तराची आशा वाटते ती बेसॉल्टखालच्या ग्रॅनाइटकडून.

११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने हादरलेल्या कोयनेच्या परिसरात खोल विंधनविवरे घेतली गेली आहेत. गोठणे येथील विवर २०१७ साली ३ किलोमीटर खोलीपर्यंत पोहोचले. तिथे सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट भेदल्यावर ग्रॅनाइटी खडक लागला.

अशा खडकात अ‍ॅपेटाइट या खनिजाचे बारीक कण असतात. त्यांतल्या युरेनियमचे काही अणू आपोआप दुभंगतात आणि दरवेळी स्फटिकात एक सूक्ष्म ओरखडा उमटतो. ओरखडे मोजले की काळ कळतो. पण खडक लाखो वर्षे तापलेला राहिला, तर साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात ओरखडे आखूड होतात आणि त्यावर पुसले जातात. म्हणून संख्येबरोबर लांबीही मोजावी लागते.

समजा, ग्रॅनाइटच्या माथ्यावरील नमुन्याचे वय ९ कोटी वर्षे आले. तेवढ्यावरून त्या काळी काही घडले असे म्हणता येत नाही. लाव्हाआधीचे अर्धवट पुसलेले ओरखडे आणि नंतरचे नवे, यांची ती गोळाबेरीज असू शकते.

त्यामुळे अभ्यासक संगणकावर तापमानाच्या हजारो संभाव्य वाटा रचतात. प्रत्येक वाटेने किती आणि केवढे ओरखडे उरले असते ते काढतात आणि मोजमापाशी जुळणाऱ्या वाटा तेवढ्या ठेवतात. हाती येतो तो शक्यतांचा पट्टा. एकच एक रेघ मिळत नाही.

कोयनेत या पट्ट्याची दोन टोके पक्की आहेत. लाव्हा आला तेव्हा ग्रॅनाइटचा माथा जमिनीवर होता आणि त्याचे आजचे तापमान विवरात मोजता येते. मधल्या काळात तो आजच्याहून १० अंश अधिक तापला होता असे निघाले, तर? भूपृष्ठाचे तापमान तेच राहिले असे मानू. बेसॉल्टमध्ये दर किलोमीटरला २५ अंश वाढ धरली, तर झिजलेला थर ४०० मीटरचा. २० धरली, तर ५०० मीटरचा. ओरखडे तेच, पण शंभर मीटरचा डोंगर केवळ गृहीतकातून उभा राहतो. म्हणून प्राचीन उंचीचा आकडा वाचताना त्यामागे काय धरले आहे, ते मी आधी शोधतो.