तुमचे शब्द ओळखणारी चाळणी

समजा, रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याला मेल आला: ‘अभिनंदन! आपल्या बक्षिसाची रक्कम मंजूर झाली आहे.’ त्याच्या मागोमाग दुसरा आला: ‘अभिनंदन! कांदेबागेच्या मालाची रक्कम मंजूर झाली आहे.’ माणसाला फरक एका नजरेत कळतो. संगणकाला केळी माहीत नाही आणि लबाडी म्हणजे काय हेही माहीत नाही. तरी तो पहिला मेल स्पॅमच्या कोपऱ्यात टाकतो आणि दुसरा समोर ठेवतो. हे कसं घडतं ते पहिल्यांदा समजलं तेव्हा मी चकित झालो, आणि अजूनही ते आश्चर्य कमी झालेलं नाही. कारण त्याच्या मुळाशी एक अनपेक्षित गोष्ट आहे: ही चाळणी लबाडांना जितकी ओळखते, त्याहून अधिक तुम्हाला ओळखते.

ज्या गणितावर ती उभी आहे ते संगणकाच्या कितीतरी आधीचं आहे. पानिपत झालं त्याच वर्षी, १७६१ मध्ये, इंग्लंडमधले थॉमस बेज नावाचे एक धर्मोपदेशक वारले. त्यांच्या कागदांत एक अपुरा निबंध होता. रिचर्ड प्राइस या स्नेह्याने तो नीट करून रॉयल सोसायटीकडे पाठवला आणि १७६३ च्या डिसेंबरात तो तिथे वाचला गेला. निबंधाचा प्रश्न असा: परिणाम डोळ्यांसमोर आहे, तर त्यावरून कारणाचा अंदाज किती खात्रीने बांधता येईल? आपल्या बाबतीत परिणाम म्हणजे मेलमधले शब्द, आणि कारण म्हणजे तो पाठवणाऱ्याचा हेतू.

आता व्यापाऱ्याकडे परत येऊ. त्याने काही महिने आपले मेल निवडून दोन ढीग केले, एक स्पॅमचा आणि एक कामाचा. यंत्र दोन्ही ढिगांतला प्रत्येक शब्द मोजतं. पुढचे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, पण हिशेब खरा आहे. ‘अभिनंदन’ असलेला मेल स्पॅम असण्याची शक्यता ८० टक्के निघाली, ‘बक्षीस’ची ९० आणि ‘त्वरित’ची ९५. तिन्ही शब्द एकाच मेलमध्ये आले तर काय? तिन्ही शक्यतांचा गुणाकार करायचा: ०.६८४. मग उलट बाजूच्या शक्यतांचा, म्हणजे ०.२, ०.१ आणि ०.०५ यांचा, गुणाकार करायचा: ०.००१. पहिल्या संख्येला दोन्हींच्या बेरजेने भागायचं. उत्तर ९९.८ टक्क्यांच्या वर जातं. मेल स्पॅम.

त्याच मेलमध्ये आता ‘कांदेबाग’ शब्द घाला. ऑक्टोबरच्या सुमारास लावलेल्या केळीला खानदेशात कांदेबाग म्हणतात. जून-जुलैत लावली तर ती मृगबाग. जगभर स्पॅम पाठवणाऱ्या कोणाच्याही तोंडी हा शब्द नसतो, पण या व्यापाऱ्याच्या रोजच्या पत्रव्यवहारात तो आहे. म्हणून तो शब्द असलेला मेल स्पॅम असण्याची शक्यता एक टक्का धरू. हिशेब पुन्हा केला की ९९.८ चे ८७ होतात. शंका आहे, पण खात्री गेली. आता आणखी एक शब्द येऊ द्या: ‘पिलबाग’, म्हणजे जुन्या केळीच्या बुंध्याशी आलेल्या पिलांवर धरलेला बाग. शक्यता तीच, एक टक्का. उत्तर साडेसहा टक्क्यांवर येतं. तीन संशयास्पद शब्दांची साक्ष दोन घरच्या शब्दांनी उलटवली! हा गुणाकार मी कागदावर पेनने करून पाहिला आहे आणि वाचकांनीही करावा. चौथीतल्या गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे त्यात काही नाही.

ही कल्पना १९९८ मध्ये मेहरान सहामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संशोधनलेखात मांडली. ती घराघरांत पोचवली ती पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरने, ऑगस्ट २००२ मधल्या एका निबंधाने. त्याआधी लोक नियम लिहीत बसायचे: अमुक शब्द आला की अडवा, इतकी उद्गारचिन्हं आली की अडवा. ग्रॅहमने नियम सोडून दिले आणि मोजदाद यंत्राच्या हाती दिली. मेलमधले सर्वांत बोलके असे फक्त पंधरा शब्द घ्यायचे आणि त्यांचा गुणाकार करायचा. त्याच्या यंत्राने शोधून काढलेला एक ‘शब्द’ मला विसरता येत नाही: भडक लाल रंगाचा सांकेतिक आकडा. मजकूर लाल करण्यासाठी पाठवणाऱ्याने घातलेली ती खूण अश्लील शब्दांइतकीच पक्की साक्ष देत होती. असा नियम कोणा माणसाला सुचला असता असं मला वाटत नाही.

ग्रॅहमने आणखी एक गोष्ट केली. चांगल्या मेलमधल्या शब्दांची मोजणी त्याने दुप्पट धरली. स्पॅम चुकून आत आला तर एक टिचकी वाया जाते. खरा मेल चुकून बाहेर गेला तर सौदा, नोकरीची मुलाखत, परीक्षेचा अर्ज हातचा जातो. दोन चुकांचं वजन सारखं नाही हे त्याने गणितातच घालून ठेवलं. मला त्याच्या निबंधातला हा भाग सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

शब्द मोजून पत्राची जात ओळखण्याचं काम खानदेशाला नवं नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगावची दप्तरं धुंडाळत फिरले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि एकूण बावीस खंड झाले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यात वारले. १९२७ मध्ये तिथेच राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं आणि त्यांचे कागद त्याने सांभाळले. याच राजवाड्यांनी वेगवेगळ्या काळांतले मराठी कागद घेऊन त्यांतले फारसी शब्द मोजले होते. शिवकाळाआधीच्या कागदात फारसीची गर्दी, पुढे पेशवाईकडे येताना ती ओसरत गेलेली. पत्रात काय म्हटलं आहे ते बाजूला ठेवून त्यातल्या शब्दांचं प्रमाण पाहायचं आणि त्यावरून ते कोणत्या काळाचं, कोणत्या वळणाचं ते ताडायचं, ही दृष्टी आणि ग्रॅहमच्या यंत्राची दृष्टी सख्ख्या नात्यातल्या आहेत. एकाकडे मोडीतली दप्तरं होती, दुसऱ्याकडे मेलचा ढीग.

पण फक्त शब्दांवर भागत नाही. लबाड माणूस चांगले शब्द उसने घेऊ शकतो. बँकेचा मेल जसाच्या तसा उतरवून त्यात फक्त दुवा बदलायचा, एवढंच त्याला पुरतं. मग प्रश्न उरतो: पत्र खरंच त्याच दाराहून निघालं का? मेलची मूळ व्यवस्था भोळी होती. पाठवणाऱ्याच्या जागी कोणाचंही नाव घालता यायचं आणि कोणी विचारायचं नाही. ३ मे १९७८ रोजी गॅरी थर्क या विक्री-अधिकाऱ्याने इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना नव्या संगणकाची जाहिरात पाठवली. तो पहिला स्पॅम मानला जातो. थर्कने नाव लपवलं नव्हतं. लपवणारे नंतर आले.

त्यांच्यावरचा उपाय समजण्यासाठी शिवकालीन पत्र डोळ्यांसमोर आणा. माथ्यावर शिक्का, आणि मजकूर जिथे संपला तिथे मोर्तब. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरं असत: लेखनाची सीमा इथे झाली, याखाली कोणी काही जोडू नये. डीकिम नावाची आजची पद्धत हेच करते. पाठवणारा सर्व्हर मजकुराचा गणिती सारांश काढतो आणि आपल्याजवळच्या गुप्त किल्लीने त्यावर सही करतो. ती सही तपासण्याची दुसरी किल्ली त्याने इंटरनेटवर सर्वांसाठी उघडी ठेवलेली असते. वाटेत मजकुराचं एक अक्षर बदललं की सारांश जुळत नाही. नवल याचं वाटतं की हे मोर्तब कोणालाही तपासता येतं, पण मालकाखेरीज कोणालाही उमटवता येत नाही.

डीकिमच्या जोडीला एसपीएफ आहे. कोणत्या सर्व्हरना आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी आहे त्यांची ती जाहीर यादी. आणि डीमार्क सांगतं, या तपासणीत मेल नापास झाला तर काय करायचं: येऊ द्यायचा, स्पॅममध्ये टाकायचा की परतवून लावायचा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी सक्तीच्या झाल्या. संगणकावर जीमेलमधला कोणताही मेल उघडा, तीन ठिपक्यांच्या यादीतून मूळ मेल पाहण्याचा पर्याय निवडा, आणि तिन्हींचा निकाल वरच लिहिलेला सापडेल. एकदा तरी जरूर पाहा.

इथे एक सावधगिरी हवी. मोर्तब खरं म्हणजे माणूस खरा असं नव्हे. जळगावच्या सराफाला नेहमीच्या व्यापाऱ्याचा मेल यावा, ‘आमचं बँक खातं बदललं आहे’, आणि पत्त्यात एकच अक्षर वेगळं असावं. अशा नव्या पत्त्याची सहीसुद्धा बिनचूक असू शकते, कारण तो पत्ता लबाडाचा स्वतःचाच आहे. खातं बदलल्याचा मेल आला की नेहमीच्या क्रमांकावर फोन करून विचारायचं. याला कोणतीही चाळणी पर्याय नाही.

आता स्वतःची चाळणी बसवण्याकडे. जीमेलच्या मोबाइल ॲपमध्ये फिल्टर तयार करता येत नाही, म्हणून संगणकावर बसा. शोधपट्टीच्या उजव्या टोकाला पर्याय उघडणारी खूण असते. तिथे पाठवणारा, विषय, मेलमधले शब्द असे रकाने भरा आणि खालून फिल्टर तयार करायला सांगा. पुढे विचारलं जातं, अशा मेलचं काय करायचं: लेबल लावायचं, इनबॉक्सला वगळायचं, पुसून टाकायचं, की कधीच स्पॅममध्ये पाठवायचं नाही.

बहुतेक जण अडवण्याचे नियम आधी करतात. मी उलट सुचवेन. पहिला फिल्टर हा शेवटचा पर्याय वापरून करा: ज्यांचे मेल हरवणं परवडणार नाही, त्यांच्यासाठी. केळी निर्यातीचा ग्राहक, मुलीचं विद्यापीठ, आपली बँक यांचे पूर्ण पत्ते घाला. स्पॅम पाठवणारे रोज पत्ता बदलतात, त्यांना एकेक करून अडवण्यात दिवस जातो आणि हाती काही लागत नाही. आपली माणसं मात्र मोजकी असतात आणि पत्ते बदलत नाहीत. अडवण्याचा नियम करायचाच असेल तर सुरुवातीला पुसून टाकू नका, फक्त लेबल लावा आणि काही दिवस पाहा. ‘कर्ज’ या शब्दावर पुसण्याचा नियम केला तर पीककर्जाचं बँकेचं पत्रही त्याच वाटेने जाईल.

पत्ता कुठून फुटतो हे शोधायची एक सुंदर सोय आहे. जीमेलच्या पत्त्यात नावापुढे अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडला तरी मेल तुम्हालाच मिळतो. बियाण्यांच्या दुकानाला पत्ता देताना पुढे ‘बियाणे’ असा शब्द रोमन लिपीत जोडून द्या. उद्या त्याच पत्त्यावर कर्जाच्या जाहिराती येऊ लागल्या, तर वाट कुठून फुटली ते कळतं आणि त्या एका पत्त्यावर फिल्टर लावून ती बंदही करता येते.

मराठीत नियम लिहिताना दोन अडचणी येतात आणि दोन्ही आपल्या भाषेच्या घडणीतून येतात. पहिली विभक्तीची. ‘कर्ज’ शोधणाऱ्या नियमाला ‘कर्जासाठी’, ‘कर्जाचा’ हे वेगळेच शब्द वाटतात. जीमेलचा शोध साधारणपणे पूर्ण शब्द जुळवतो. म्हणून नेहमी येणारी रूपं ‘किंवा’ अर्थाच्या खुणेने एकत्र लिहावी लागतात. दुसरी अडचण मला फार मोहक वाटते. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द दोन तऱ्हांनी टंकित होतो. काही कळफलक त्यातला अर्धा र वेगळं स्वतंत्र अक्षर वापरून लिहितात, काही साध्या र ला हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखे दिसू शकतात, पण संगणकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या अक्षरमाळा आहेत. त्यामुळे डोळ्यांना बिनचूक दिसणारा नियम निम्मे मेल सोडून देऊ शकतो. अशा शब्दांचा नियम करताना आलेल्या मेलमधूनच शब्द उचलून चिकटवावा.

आजच्या मोठ्या सेवा बेजच्या गुणाकारापुरत्या थांबलेल्या नाहीत. पाठवणाऱ्याची पत, दुव्यांचा इतिहास, लाखो लोकांनी दाबलेली बटणं, असं बरंच काही त्या तोलतात. ९९.९ टक्क्यांहून अधिक स्पॅम आपण अडवतो, असं गुगल सांगतं. तुमच्याच शब्दांवर वाढणारी चाळणी हवी असेल तर संगणकावरच्या थंडरबर्ड या मोफत मेल-प्रोग्राममध्ये बेजच्या पद्धतीची व्यवस्था आहे. तिला दोन्ही ढीग दाखवावे लागतात. लोक स्पॅमवर खूण करतात आणि चांगल्या मेलवर करायचं विसरतात. मग तिला ‘पिलबाग’ शिकायला मिळतच नाही.

जीमेलमध्ये स्पॅममध्ये गेलेला मेल ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो. कापणीच्या हंगामात, किंवा प्रवेशाचे अर्ज भरल्यावर, तो कोपरा आठवड्यातून एकदा उघडावा आणि खरा मेल सापडला तर ‘स्पॅम नाही’ हे बटण दाबूनच तो बाहेर काढावा. नुसता वाचून तिथेच ठेवला, तर तो खरा होता हे चाळणीला कळत नाही.