बांगडी झिजते तेव्हा

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या आपल्या सीमाभागात डाऊन सिंड्रोमचे निदान सांगितले, की नातलगांची नजर प्रथम आईकडे वळते. ग्रहणात बाहेर पडली होती का? नात्यातले लग्न बाधले का? बालरोगतज्ज्ञ म्हणून हे प्रश्न मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. त्यांचे उत्तर पेशीविभाजनात आहे.

विभाजनापूर्वी प्रत्येक गुणसूत्राची प्रत तयार होते. या जोडप्रती अकाली विलग होऊ नयेत म्हणून ‘कोहेसिन’ हे प्रथिनसंकुल त्यांना बांगडीप्रमाणे वेढून ठेवते. १९९७ साली यीस्टवरील संशोधनातून त्याची ओळख पटली. योग्य क्षणी ‘सेपरेज’ हे विकर बांगडी कापते व प्रती दोन्हीकडे समान वाटल्या जातात.

स्त्रीबीजाची कथा निराळी आहे. मुलगी मातेच्या उदरात असतानाच तिच्या बीजांचे विभाजन आरंभते आणि मध्येच थांबते. ते पुढे सरकते बीज पक्व होताना, कधी चाळीस वर्षांनी. उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले, की आरंभी चढविलेल्या या बांगड्या पुढे बदलल्या जात नाहीत. वयोमानाने त्या झिजतात, गुणसूत्रांची वाटणी चुकते आणि २१व्या गुणसूत्राच्या तीन प्रती असलेला गर्भ संभवतो. म्हणूनच मातेच्या पंचविशीत सुमारे १,२५० जन्मांत १ असलेले हे प्रमाण चाळिशीत सुमारे १०० जन्मांत १ होते. तथापि वाटणी कोणत्याही वयात चुकू शकते. बहुसंख्य प्रसूती तरुण वयात होत असल्याने अशी अनेक बालके तरुण मातांच्याच पोटी येतात.

ग्रहणाचा येथे काहीही संबंध नाही. नात्यातील विवाहाने अन्य काही आनुवंशिक विकारांचा धोका वाढतो. परंतु हा विकार त्यामुळे होतो, असे मानण्यास आधार नाही. अतिरिक्त गुणसूत्र बहुधा स्त्रीबीजातून येते हे खरे. पण जी घडण तिच्या स्वतःच्या जन्माआधीच झाली, तिचा दोष आईच्या माथी कसा मारावा?

व्यवसायबंधूंना विनंती, की निदान एकट्या आईला सांगू नये; पती व सासू-सासऱ्यांनाही समोर बसवावे. गुणसूत्र तपासणी अवश्य करावी, कारण थोड्या बालकांत स्थानांतरण असते व ते माता किंवा पिता यांपैकी कोणाकडूनही येऊ शकते. सुमारे निम्म्या बालकांत हृदयदोष आढळतो. म्हणून इको, थायरॉइड व श्रवण तपासणी वेळीच व्हावी. दोषारोपात दवडलेले महिने त्या बालकाच्या उपचारांतून वजा होतात.