साथीचे गणित

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही जागतिक साथ असल्याचे जाहीर केले आणि २५ मार्चपासून भारतभर टाळेबंदी आली. मुखपट्टी लावा, अंतर ठेवा, खिडक्या उघडा, साबणाने हात धुवा, हे चार उपाय तेव्हा सतत कानांवर पडत. पुष्कळांच्या मनात एक शंका येई. मुखपट्टी लावूनही काहींना रोग होतोच, मग ती लावायची कशाला? या शंकेचे उत्तर तुमच्या अंकगणितात आहे.

समजा, एका रोग्यापासून सरासरी तिघांना लागण होते. त्या तिघांपासून नऊ जणांना, नऊ जणांपासून सत्तावीस जणांना. अशा दहा फेऱ्या झाल्या, की दहाव्या फेरीत किती जणांना लागण होईल? ५९,०४९! साथ एवढी झपाट्याने का वाढते, ते आता ध्यानात येईल.

साथ आटोक्यात आणायची, तर ३ हा आकडा शून्यावरच आणावा लागतो असे नाही. तो १ च्या खाली आला, तरी पुरे. मग प्रत्येक फेरीत रोगी कमी कमी होत जातात.

हे चार उपाय काय करतात ते पाहू या. खोकताना, शिंकताना आणि बोलतानाही आपल्या तोंडातून बारीक तुषार उडतात. मुखपट्टी त्यांतील काही अडवते. मोठे तुषार थोड्याच अंतरावर खाली पडतात, म्हणून अंतर ठेवायचे. अतिसूक्ष्म तुषार मात्र हवेत तरंगत राहतात. खिडकी उघडली, की मोकळ्या हवेत मिसळून ते विरळ होतात. कोरोना विषाणूभोवती मेदाचे पातळ आवरण असते. साबण ते फोडतो आणि पाणी सारे वाहून नेते.

यांतील एकही उपाय परिपूर्ण नाही. हिशेबासाठी असे धरू, की प्रत्येक उपाय फक्त पाव लागण टाळतो. मग पहिल्या उपायाने ३ चे २.२५ होतात, दुसऱ्याने सुमारे १.६९, तिसऱ्याने १.२७ आणि चौथ्याने ०.९५. चार अपुरे उपाय एकत्र आले आणि साथ उतरणीला लागली!

आता एक उपाय सोडून द्या. आकडा १.२७ वरच राहील. आज १०० रोगी असतील, तर दहाव्या फेरीत ते हजारावर जातील. चारही उपाय पाळले, तर सुमारे ५९ उरतील. एवढासा आळस, पण फरक केवढा!

१६ जानेवारी २०२१ पासून भारतात लसीकरण सुरू झाले. लसीमुळे आजार गंभीर होण्याचा धोका पुष्कळ कमी झाला. ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर झाले; विषाणू मात्र नाहीसा झालेला नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोविडची लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच रोगी इतरांना लागण देऊ शकतो. म्हणजे धडधाकट वाटणारा मुलगा घरातल्या आजीपर्यंत रोग पोहोचवू शकतो. शिवाय एका खोलीत राहणारे सहा-सात जणांचे कुटुंब, रुग्णालयातील परिचारिका किंवा बसचा वाहक यांना अंतर ठेवणे शक्यच नसते. त्यांची उणीव भरून काढायची, ती ज्यांना शक्य आहे त्यांनी. सर्दी-खोकला झाला असता घरी थांबणे किंवा मुखपट्टी लावणे, हे म्हणूनच भित्रेपणाचे लक्षण नव्हे. आजारी शेजाऱ्याच्या दाराशी डबा ठेवावा, फोनवर त्याच्याशी गप्पा माराव्यात. अंतर ठेवायचे ते शरीरांत, माणुसकीत नव्हे.

करून पाहा : चिंचोके घ्या. पहिल्या ओळीत एक, दुसऱ्या ओळीत तीन, तिसऱ्या ओळीत नऊ असे मांडत जा. कितव्या ओळीला तुमचे चिंचोके संपतात?