तो आलाच नाही

स्वित्झर्लंडमधल्या कूरहून झुरिककडे जाणाऱ्या रस्त्यावर एक कळकट पेट्रोलपंप आहे. दगडी बाकावर एक म्हातारा बसलेला. दाढीचे खुंट वाढलेले, कपड्यांची रया गेलेली, अंगाला दारूचा वास. कुणीतरी येणार आहे, नक्की येणार आहे, असं तो स्वतःशीच पुटपुटतोय. मोटारीतून उतरलेला लेखक त्याच्याकडे जरा बघतो, मोटारीत बसतो आणि पुढे जातो. आपणही पान उलटतो. म्हाताऱ्याकडे नीट बघायला हवं होतं, हे शेवटाला पोचल्यावर कळतं.

फ्रीडरिश ड्युरेनमाट या स्विस लेखकाची ही छोटीशी कादंबरी 1958 साली जर्मन भाषेत आली. नावाचा अर्थ 'वचन'. खाली उपशीर्षक आहे, त्याचा आशय असा, की ही रहस्यकथेसाठी केलेली मृत्यूनंतरची प्रार्थना आहे. लहान मुलींच्या खुनांची ही गोष्ट. मी ती अनेकांना वाचायला दिली आहे, आणि दर वेळी एक अनुभव येतो. पुस्तक परत करताना माणूस गप्प बसत नाही. कुणी चिडलेला असतो, कुणी हादरलेला, आणि कुणी रात्री फोन करून विचारतो, की मग तो पोलिस अधिकारी माथेई बरोबर होता की चूक? एवढं मतांतर एका लहानशा पुस्तकावरून का व्हावं, याचं मला फार कुतूहल वाटत आलं आहे. शेवट सांगितल्याशिवाय त्यावर काही बोलता येत नाही. म्हणून ज्यांना तो आधी कळायला नको असेल, त्यांनी इथेच थांबून आधी कादंबरी वाचावी.

माथेई हा झुरिकच्या पोलिसखात्यातला अत्यंत हुशार, एकलकोंडा अधिकारी. नव्या नेमणुकीवर जॉर्डनला निघायच्या बेतात असताना बातमी येते, की ग्रिटली मोझर या लहान मुलीचा जंगलात खून झाला आहे. आईबापांना सांगायला कुणी धजत नाही, म्हणून माथेई जातो. मारेकऱ्याला शोधून काढीन, असं तो त्या आईला वचन देतो. प्रेत ज्याला आधी दिसलं त्या फेरीवाल्यालाच पोलिस धरतात, तासन्‌तास चौकशी करून कबुली घेतात, आणि तो कोठडीत गळफास लावून घेतो. खात्यापुरतं प्रकरण मिटलं. माथेई विमानतळावर पोचतो, तिथली मुलं बघतो आणि विमानात चढतच नाही.

त्याच्याजवळ पुरावा म्हणून एकच वस्तू आहे. ग्रिटलीने शाळेत काढलेलं चित्र. त्यात एक राक्षसासारखा माणूस, छोट्या साळिंदरांसारखं काहीतरी, काळी मोटार आणि शिंगांचा एक प्राणी. हा प्राणी म्हणजे डोंगरी बोकड, ग्राउब्युन्डेन प्रांताचं चिन्ह, आणि ते त्या प्रांताच्या मोटारींच्या नंबरप्लेटवर असतं! साळिंदरं म्हणजे काटेरी दिसणारी चॉकलेटं. एका मुलीच्या रंगखडूच्या रेघांतून माथेई मोटार ओळखतो, प्रांत ओळखतो, माणसाची सवय ओळखतो. ही पानं वाचताना अंगावर काटा येतो. मग तो त्या प्रांतातून झुरिककडे येणाऱ्या रस्त्यावरचा पेट्रोलपंप चालवायला घेतो. आपल्याकडे कामाला ठेवलेल्या बाईची मुलगी आनेमारी ग्रिटलीसारखीच दिसते. तिला रस्त्याच्या कडेला खेळू देतो आणि वाट बघत बसतो.

आणि एक दिवस आनेमारीच्या हातात चॉकलेट दिसतं.

पोलिस येतात, झाडाझुडपांत दबा धरून दिवसचे दिवस बसतात. कुणीच येत नाही. या प्रसंगाच्या अखेरीस जे घडतं, ते मला सगळ्या कादंबरीत सर्वांत भयानक वाटतं. संयम सुटलेली ती मोठी, कायद्याची माणसं त्या पोरीला मारतात. या प्रसंगात खून नाही, रक्त नाही. तरी पुस्तक खाली ठेवावंसं वाटतं ते इथे.

माथेई तिथेच बसून राहतो. वर्षं उलटतात. मग एकदा एक वृद्ध, श्रीमंत बाई मरायला टेकलेली असताना माथेईच्या खात्यातल्या निवृत्त पोलिसप्रमुखाला बोलावून घेते आणि घरगुती गप्पा मारल्यासारखी सांगते, की माझा नवरा अल्बर्ट हे सगळं करत होता. आनेमारीकडे जायलाही तो मोटारीने निघाला होता, पण वाटेतच अपघातात गेला.

म्हणजे माथेईचा एकही तर्क चुकला नव्हता. चित्र त्याने बरोबर वाचलं होतं, रस्ता बरोबर निवडला होता. फक्त तो माणूस वाटेत मेला.

चिडणारे वाचक इथे चिडतात. त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं. रहस्यकथा वाचायला घेताना वाचक आणि लेखक यांच्यात एक अलिखित करार झालेला असतो. तू धागेदोरे दे, मी डोकं लावतो, शेवटी हिशेब जुळला पाहिजे. हा करार 1929 साली रोनाल्ड नॉक्स या इंग्रज पाद्री लेखकाने दहा नियमांत मांडला होता. त्यातला एक नियम असा, की योगायोगाने गुप्तहेराला कधीही मदत करू नये. बारकाईने बघा, ड्युरेनमाटने हा नियम मोडलेलाच नाही! योगायोगाने माथेईला मदत केली नाही, उलट त्याचा घात केला. याबद्दल नॉक्स काहीच बोलत नाही. करारातल्या एवढ्याशा फटीतून ड्युरेनमाटने अख्खी कादंबरी आत नेली आहे, हे लक्षात आलं तेव्हा मी थक्क झालो.

योगायोगाचा हा विषय ड्युरेनमाटच्या डोक्यात आधीपासूनच होता. 'न्यायाधीश आणि त्याचा जल्लाद' ही त्याची त्याआधीची कादंबरी. तिच्यात एक पोलिस आणि एक गुन्हेगार तरुणपणी इस्तंबूलला दारूच्या गुत्त्यात पैज लावतात. पोलिस म्हणतो, योगायोगाचा हिशेब कुणालाच ठेवता येत नाही, म्हणून गुन्हे उघडकीस येतात. गुन्हेगार म्हणतो, त्याच गुंत्यामुळे बहुतेक गुन्हे कधी उघडच होत नाहीत. ही पैज मला 'वचन'ची बीजकथा वाटते. पुढे 1962 च्या 'पदार्थवैज्ञानिक' या नाटकाला जोडलेल्या मुद्द्यांत त्याने म्हटलं आहे, की माणूस जितका आखून-रेखून चालतो, तितकाच योगायोगाचा घाव त्याला जिव्हारी लागतो.

प्रत्यक्ष जगातले पोलिस मात्र योगायोगाला नाकारत नाहीत. इंग्लंडमध्ये पीटर सटक्लिफने 13 बायकांचे खून केले. मोठी तपासयंत्रणा उभी होती, पोलिस त्याच्याशी नऊ वेळा बोलले होते आणि प्रत्येक वेळी तो सुटला होता. 1981 च्या जानेवारीत तो शेफील्डमध्ये सापडला, तो गाडीची नंबरप्लेट खोटी निघाल्यामुळे. मुंबईत 1968 साली उपनगरांतल्या झोपड्यांतल्या आणि उघड्यावर झोपणाऱ्या माणसांचे खून होत होते. रमण राघवला पकडलं, ते रस्त्यावर दिसलेल्या माणसाला वर्णनावरून ओळखलेल्या एका दक्ष अधिकाऱ्याने. तो अधिकारी त्या घडीला दुसऱ्या रस्त्याने गेला असता तर? नंबरप्लेट खरी असती तर? ड्युरेनमाटने हाच प्रश्न उलटा करून विचारला आहे.

या कादंबरीचा जन्मही असाच एक तयार शेवट उलटा करून झाला. झुरिकच्या प्रायझेन्स फिल्म या कंपनीने मुलांवरच्या अत्याचारांबद्दल लोकांना सावध करणाऱ्या चित्रपटाची गोष्ट त्याच्याकडे मागितली. लॅडिस्लाओ वायदाने दिग्दर्शित केलेला तो चित्रपट 1958 सालीच आला. मारेकऱ्याचं काम करणारा गेर्ट फ्र्योबे पुढे जेम्स बाँडच्या 'गोल्डफिंगर'मधला खलनायक झाला. चित्रपटात मारेकरी येतो आणि त्याचा निकाल लागतो. ड्युरेनमाटचं मात्र समाधान झालं नाही. त्याने गोष्ट पुन्हा हातात घेतली आणि ती जिकडे नेली, तिकडे पडद्यावरच्या माथेईला जावं लागलं नव्हतं. शॉन पेनने 2001 साली जॅक निकल्सनला घेऊन हीच कादंबरी अमेरिकेत नेली, तेव्हा शेवट कादंबरीचाच ठेवला.

वाचकांचा दुसरा वाद माथेईबद्दलचा, आणि त्यात मी ठाम आहे. काही वाचक त्याला शोकनायक मानतात, जगाने न ओळखलेला खरा पोलिस. मला आनेमारीच्या आईचा संताप आधी आठवतो. आपल्या मुलीचा वापर आमिष म्हणून होतोय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, विचारलंही नव्हतं. एका आईला दिलेलं वचन पाळायला माथेईने दुसऱ्या आईची मुलगी पणाला लावली. त्याचा तर्क बरोबर होता म्हणून हे क्षम्य ठरत नाही. मारेकरी सापडला असता, तर आपण सगळ्यांनीच हे पोटात घातलं असतं. मग कुणाला आनेमारी आठवली असती? शेवट अर्धवट सुटतो, म्हणूनच ती आपल्याला दिसते. योगायोगाबद्दल चिडलेल्या वाचकांना मी हे आवर्जून सांगतो. आणि त्या फेरीवाल्याचं काय? तो निर्दोष होता, हे सिद्ध होतं तेव्हा त्याला जाऊन वर्षं झालेली असतात. वाचकांच्या चर्चेत त्याचं नाव क्वचितच निघतं. त्याचं नाव फॉन गुन्टेन.

कादंबरी जर्मनमधून इंग्रजीत आलेली आहे आणि एका बैठकीत वाचून होते. मिळाली तर वाचा, आणि शेवटचं पान झालं की पुस्तक मिटू नका. पुन्हा पहिल्या पानांकडे या आणि त्या दगडी बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याजवळ थोडं थांबा. निवृत्त पोलिसप्रमुखाचं त्याला सगळं सांगून झालेलं आहे. ते त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही.