भरतीचं मैदान आणि इन्सुलिनची सुई

सातारा, सांगली, बीड, कुठल्याही तालुक्याच्या मैदानावर पहाटे गेलात तर अंधारातच सोळाशे मीटर मारणारी पोरं दिसतील. सैन्य नाहीतर पोलीस, तिसरं काही डोक्यात नसतं. त्यातल्या एखाद्याला अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी टाइप वन मधुमेह निघाला की घरी दोन प्रकारचे सल्लागार येऊन बसतात. एक म्हणतो, ‘संपलं सगळं.’ दुसरा म्हणतो, ‘जिद्द ठेव, काहीच अशक्य नसतं.’ चुकतात दोघंही, पण माझ्या मते दुसऱ्याची चूक जास्त महागात पडते.

गैरसमज : गोड खाऊन झाला, पथ्याने जाईल.
टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. जिलेबीचा त्यात काही हात नाही. पथ्य, कारल्याचा रस, काढे यांनी त्या पेशी परत येत नाहीत, म्हणून इन्सुलिन बाहेरूनच द्यावं लागतं. 1922 सालापर्यंत ते माणसाला मिळतच नव्हतं. तेव्हा हा आजार झालेलं मूल बहुधा वर्ष-दोन वर्षांत दगावायचं. ‘इन्सुलिनची सवय लागते’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आपल्याला पाण्याची सवय आहे, तशीच ही.

मैदानावरच्या पोरांच्या बाबतीत निदानच उशिरा होतं, कारण सगळी लक्षणं मेहनतीच्या खात्यावर जमा होतात. वजन उतरलं की सर खूश. घसा कोरडा पडतो, तर ऊन आहे. रात्री चारदा लघवीला उठतो, तर पाणी जास्त पितोय. उलट्या होऊन, धाप लागून दवाखान्यात न्यावं लागतं तेव्हा कुठे कोणीतरी बोटाला सुई टोचून शुगर बघतं.

गैरसमज : जिद्द असेल तर भरती होता येतं.
नाही होता येत. इन्सुलिनवर असलेल्या उमेदवाराला सैन्यभरतीत वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरवतात. हे ऐकायला कडू आहे, पण त्यामागे कारण आहे. इन्सुलिनचा साठा 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवावा लागतो. ते गोठलं तर वाया जातं आणि तापलं तर बिघडतं. बर्फातल्या चौकीवर रसद आठवडाभर अडकली, तर त्या जवानाचं काय? शुगर 70 च्या खाली घसरली की हात थरथरतात, घाम फुटतो, साधा हिशेब जमेनासा होतो. हातात बंदूक असताना हे झालं तर सोबतच्यांच्याही जिवाशी गाठ.

इथे लोक क्रिकेटपटू वसीम अक्रमचं उदाहरण देतात. त्याला 1997 मध्ये मधुमेहाचं निदान झालं, आणि त्यानंतरही तो इन्सुलिन घेत 2003 च्या विश्वचषकापर्यंत खेळला, हे खरंच आहे. म्हणजे शरीर मेहनत करू शकतं, एवढं त्यातून सिद्ध होतं. भरतीचा नियम शरीराला मेहनत जमेल की नाही एवढंच विचारत नाही.

‘जिद्द’वाल्यांचा सल्ला धोकादायक ठरतो तो पुढे. काही जण आजार लपवून मेडिकलला जायचं ठरवतात, कोणाला सुई दिसू नये म्हणून इन्सुलिन बंद करतात. रक्त-लघवीच्या तपासणीत साखर सापडतेच. आणि एक-दोन दिवस इन्सुलिन बंद राहिलं तरी रक्तात कीटोन साठून माणूस बेशुद्धीपर्यंत जाऊ शकतो, प्रसंगी जिवावर बेततं.

गैरसमज : मग सगळीच दारं बंद.
प्रत्येक पदाचे वैद्यकीय निकष वेगळे असतात. अर्ज भरण्याआधी जाहिरातीतलं ते पान वाचायचं, क्लासवाल्यांच्या तोंडी माहितीवर जायचं नाही. शिक्षक, अभियंता, वकील, तलाठी, डॉक्टर ही कामं इन्सुलिन घेणारी माणसं करतातच. नियमही कायमचे नसतात. इन्सुलिन घेणाऱ्यांना व्यावसायिक विमान चालवू द्यायला ब्रिटनने 2012 मध्ये अटी घालून सुरुवात केली, नंतर अमेरिकेनेही परवानगी दिली.

एक दार बंद झाल्यावर दुसरं शोधल्याचं उदाहरण म्हणजे सोनिया सोटोमायोर. त्या न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात वाढल्या. आठव्या वर्षाच्या सुमाराला मधुमेह निघाला. सुई निर्जंतुक करायला पाणी उकळायचं, गॅस स्वतः पेटवायचा आणि इंजेक्शनही स्वतःच घ्यायचं, हे त्या त्याच वयात शिकल्या. त्यांना गुप्तहेर व्हायचं होतं. मधुमेह्याला ते काम जमणार नाही असं कळलं, आणि टीव्हीवरची वकिलाची मालिका बघून त्या वकिलीकडे वळल्या. 2009 मध्ये त्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाल्या. मात्र ही गोष्ट पोराला निदानानंतर पहिल्याच आठवड्यात ऐकवू नये. तेव्हा त्याला बूट कपाटात टाकून गप्प बसायचं असतं, आणि ते रडगाणं नव्हे. पाच वर्षांची मेहनत गेली, तर माणूस हळहळणारच.

गैरसमज : अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलं की काम होईल.
2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत 21 प्रकार आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया त्यात आहेत, मधुमेह नाही. त्यामुळे प्रमाणपत्र काढून देतो म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नयेत.

गैरसमज : आता पळणं बंद.
पळावं, पण शुगर बघून. लांब पल्ल्याच्या धावण्याने ती उतरते, जोरदार स्प्रिंटने कधी चढते. संध्याकाळच्या सरावाचा परिणाम रात्री दोन-तीन वाजताही दिसू शकतो. मैदानावर मोठी अडचण अशी की शुगर घसरल्याचा घाम आणि धावण्याचा घाम बाहेरून सारखाच दिसतो. तेव्हा सोबतच्या दोघा-तिघांना आजार माहीत असावा आणि ग्लुकोजचा पुडा खिशात असावा, लांब ठेवलेल्या बॅगेत नव्हे. पंधरा ग्रॅम घ्यायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. तोवर सर कितीही ओरडोत, फेरी पुरी करायची नाही.