पाय मोडला, पगार थांबला. घरात पाच विमे, तरी हातात शून्य! ‘उत्पन्नाचा विमा’ स्वतः घ्यावा की सल्लागाराकडून?

डिजिटल डेस्क, सोलापूर : वडील सूत विक्रीच्या दुकानात कामाला आहेत. पूर्व भागातलं छोटं दुकान, मालक धरून पाच माणसं. गेल्या पावसाळ्यात रात्री घरी येताना अशोक चौकाच्या अलीकडे गतिरोधकावर त्यांची गाडी घसरली आणि नडगीचं हाड मोडलं. आत रॉड टाकावा लागला. ऑपरेशनचं बिल माझ्या ऑफिसच्या मेडिक्लेममधून निघालं, त्यामुळे पहिले चार दिवस आम्ही निवांत होतो. खरा प्रश्न पुढच्या महिन्याच्या एक तारखेला आला. मालकाने अर्धा पगार दिला, तोही मनाने. त्यानंतर बंद. वडील एकूण 11 आठवडे घरी होते.

कपाटातली प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात आयुर्विम्याच्या तीन पॉलिसी, दुचाकीचा विमा आणि बँकेतून दरवर्षी 20 रुपये कापले जाणारी प्रधानमंत्री सुरक्षा बिमा योजना, असे पाच विमे होते. इंजिनिअरिंगची सवय म्हणून मी एक्सेल शीट उघडली आणि प्रत्येकाच्या अटी टाकत गेलो.

तीन आयुर्विमे मृत्यूनंतर किंवा मुदत संपल्यावर पैसे देणार होते. दुचाकीच्या विम्यात मालक-चालकासाठी 15 लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं, पण ते मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी. सुरक्षा बिमा योजनेत मृत्यू किंवा संपूर्ण कायम अपंगत्वाला 2 लाख आणि एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी झाल्यास 1 लाख मिळतात. वडिलांचा पाय तर बरा होणार होता. थोडक्यात, माणूस जिवंत आहे आणि बरा होणार आहे, हीच पाचही कागदांची अडचण होती.

मग आपल्याला हवं होतं ते नेमकं काय?

परदेशात, विशेषतः ब्रिटनमध्ये, ‘इन्कम प्रोटेक्शन’ नावाचा वेगळा विमा मिळतो. आजारपण किंवा अपघातामुळे काम थांबलं, तर पगाराचा ठरावीक हिस्सा दरमहा मिळत राहतो. आपल्याकडे त्या नावाचा आणि तसा सरसकट विमा सामान्य माणसाला सहज मिळत नाही. एजंट ‘उत्पन्न सुरक्षा’ म्हणून जे दाखवतात, त्यात बरेचदा मृत्यूनंतर कुटुंबाला हप्त्याहप्त्याने रक्कम देणारा टर्म प्लॅन असतो. तो गरजेचा आहे, पण त्याने मोडलेल्या पायाची मजुरी मिळत नाही.

आपल्याकडे सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे वैयक्तिक अपघात विमा, आणि त्यातही एक विशिष्ट कलम. त्याचं नाव ‘तात्पुरतं संपूर्ण अपंगत्व’. अपघातामुळे काही आठवडे कामावर जाता आलं नाही, तर दर आठवड्याला ठरलेली रक्कम मिळते. कागदावर हे इंग्रजी आद्याक्षरांत ‘टीटीडी’ असं छापलेलं असतं. स्वस्त अपघात विम्यात हे कलम नसतंच. ‘अपघात विमा आहे’ एवढ्यावर समाधान मानणारे बहुतेक जण इथे फसतात.

विमा नियामक आयआरडीएआयने 1 एप्रिल 2021 पासून सर्व कंपन्यांसाठी ‘सरल सुरक्षा बिमा’ हा एकसारख्या अटींचा अपघात विमा आणला. तो अडीच लाखांपासून 1 कोटीपर्यंत घेता येतो. त्यात तात्पुरत्या अपंगत्वाचं कलम ऐच्छिक आहे, म्हणजे मागितलं तरच मिळतं. त्यासाठी आठवड्याला मूळ विमा रकमेच्या 0.2 टक्के मिळतात. 10 लाखांचा विमा असेल तर आठवड्याला 2,000 रुपये. वडिलांच्या 11 आठवड्यांचे 22,000 झाले असते. पगार भरून निघाला नसता, पण किराणा, दूध आणि लाइट बिल निघालं असतं.

कामगाराकडे आधीच असलेला विमा

सोलापूरच्या बाबतीत एक गोष्ट आधी तपासायला हवी. तुमच्या पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार राज्य विमा कापला जातो का? दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत, दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना तो लागू होतो. कामगाराचे 0.75 टक्के, मालकाचे 3.25 टक्के. होटगी रस्त्यावरचं कामगार रुग्णालय बहुतेकांना माहीत असतं, पण औषध-गोळ्यांपलीकडे हा विमा रोख पैसेही देतो हे अनेकांच्या गावीही नसतं.

आजारपणात वेतनाच्या 70 टक्के, वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते. क्षयरोग, कर्करोग अशा यादीतल्या दीर्घ आजारांना 80 टक्के, दोन वर्षांपर्यंत. आणि कामावर इजा झाली तर 90 टक्के, कामावर परतेपर्यंत. कामावरून घरी जाता-येतानाचा अपघातही, कामाशी संबंध सिद्ध झाला तर, 2010 च्या दुरुस्तीनंतर यात धरला जातो.

हिशेब करू. महिना 15,000 म्हणजे दिवसाला 500 रुपये. 90 टक्क्यांनी 450. अकरा आठवडे म्हणजे 77 दिवस. एकूण 34,650 रुपये, आणि त्यासाठी कामगाराचा महिन्याचा वाटा 113 रुपये. बाजारातला कुठलाही विमा या दराच्या जवळपास येत नाही. यंत्रमागावर, टॉवेलच्या किंवा गणवेशाच्या कारखान्यात काम करणाऱ्याने विमा एजंट शोधण्याआधी आपला ईएसआयसी नंबर शोधावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तो नसेल आणि कारखान्यात दहाहून जास्त माणसं असतील, तर मालकाला विचारावं. हे लिहिणं सोपं आहे आणि विचारणं अवघड, याची कल्पना आहे.

वडिलांच्या दुकानात पाच माणसं. त्यामुळे हा रस्ता आमच्यासाठी बंद होता.

एजंट काका चुकले का?

तीनही आयुर्विमे आमच्या ओळखीच्या एका काकांनी दिले होते. ते दवाखान्यात मोसंबी घेऊन आले, तासभर बसले. आजोबा गेले तेव्हा याच माणसाने दाव्याचे सगळे कागद स्वतः भरले होते; आजीला एकदाही ऑफिसची पायरी चढावी लागली नव्हती. त्यामुळे ‘एजंट लुटतात’ असं सरसकट लिहायला माझा हात धजत नाही.

पण पैशाचं गणित समजून घ्या. एजंटाला तुम्ही फी देत नाही, कंपनी कमिशन देते. बचतीच्या पारंपरिक पॉलिसीत पहिल्या वर्षीच्या मोठ्या हप्त्यातला भरघोस भाग कमिशनचा असतो. उलट सुरक्षा बिमा योजनेचा हप्ता 12 रुपये होता तेव्हा त्यातला एजंटाचा वाटा होता 1 रुपया. दोन्हींसाठी उन्हात सारखंच फिरावं लागतं. आता तुमच्या दारात कोणता फॉर्म येईल, हे ओळखायला हुशारी लागत नाही.

आणि ‘सल्लागार’ हा शब्दही जपून वापरावा. व्यक्तिगत एजंट साधारणपणे एका आयुर्विमा, एका सर्वसाधारण आणि एका आरोग्य विमा कंपनीचाच माल विकतो. बँकेच्या काउंटरवर बसलेला माणूस बँकेच्या भागीदार कंपन्यांचा विमा देतो. कर्जासोबत किंवा एफडीसोबत तो गळ्यात मारला जात असेल तर साफ नाही म्हणा. ब्रोकर मात्र कायद्याने ग्राहकाच्या बाजूचा मानला जातो आणि कोणत्याही कंपनीचा विमा काढून देऊ शकतो. त्यालाही कमिशन कंपनीच देते. चौथा प्रकार फी घेणाऱ्या, सेबीकडे नोंदलेल्या गुंतवणूक सल्लागाराचा. तो ग्राहकाकडून फी घेतो. पण असे लोक देशातच फार थोडे आहेत, आणि 15,000 पगाराच्या माणसाने त्यांची फी का भरावी, हाही प्रश्नच आहे.

स्वतः घेतला, आणि मीही चुकलो

वडील कामावर परतल्यावर मी त्यांच्यासाठी ऑनलाइन अपघात विमा घेतला. वीस मिनिटांत झाला. कुणाची मदत नाही, कुणाचं कमिशन नाही. मी खुशीत होतो. व्यवसायाच्या रकान्यात यादी होती, त्यात ‘दुकान/ऑफिस कर्मचारी’ निवडलं.

चार दिवसांनी वडिलांनी प्रिंट वाचली आणि विचारलं, “मी दिवसभर खुर्चीवर बसतो असं लिहिलंस का रे?” त्यांचं अर्धं काम सुताच्या गोण्या उचलण्याचं आणि गाडीवरून कारखान्यांत माल पोहोचवण्याचं आहे. अपघात विम्यात कामाच्या धोक्यानुसार वर्ग असतात. बैठं काम पहिल्या वर्गात, अंगमेहनतीचं दुसऱ्यात, खाण किंवा उच्च दाबाच्या विजेचं काम तिसऱ्यात. वर्ग चुकीचा दिला तर हप्ता कमी लागतो, पण दाव्याच्या वेळी कंपनी तेच कारण पुढे करू शकते. कंपनीला मेल करून दुरुस्ती करून घेतली, फरकाचे पैसे भरले. वर्षभराच्या किंवा त्याहून मोठ्या आरोग्य आणि आयुर्विमा पॉलिसीत कागद हाती आल्यापासून 30 दिवसांत ती परत करण्याचीही मुभा असते, पण आमचं दुरुस्तीवर भागलं. हे काम काका असते तर त्यांनी पहिल्याच वाक्यात विचारलं असतं, “नेमकं काय काम करता?”

त्यामुळे माझं मत असं बनलं आहे. पगाराची स्लिप आहे, काम सरळ आहे, मोठा आजार नाही, आणि इंग्रजीतली चार पानं शांतपणे वाचायची तयारी आहे, तर अपघात विमा आणि टर्म विमा स्वतः घ्या. एलआयसीने ऑगस्ट 2024 मध्ये ‘डिजी टर्म’ आणि ‘युवा टर्म’ या दोन योजना आणल्या. पहिली फक्त ऑनलाइन, दुसरी एजंटमार्फत. दोन्हींचे हप्ते शेजारी ठेवून पाहिले की मध्यस्थाची किंमत कळते.

मात्र मधुमेह किंवा रक्तदाब असेल, उत्पन्नाचा कागद नसेल, किंवा विडी वळण्यासारखं नगावर मजुरीचं काम असेल, तर माणूस मदतीला घ्या. आठवडी भरपाई देताना कंपन्या उत्पन्नाचा पुरावा मागतात आणि रक्कम त्याच्याशी जोडतात. पुराव्याशिवाय मोठ्या रकमेचा विमा घेऊन ठेवला तर हप्ता जातो आणि दावा अडकतो. आयुर्विम्यापुरती अशांची सोय आहे: 1 जानेवारी 2021 पासूनचा ‘सरल जीवन बिमा’ 5 ते 25 लाखांपर्यंत मिळतो आणि त्यात व्यवसाय किंवा शिक्षणाची आडकाठी नाही. पहिले 45 दिवस मात्र फक्त अपघाती मृत्यूलाच संरक्षण.

एजंट घ्याच, पण मागणी तुमची असू द्या. “तात्पुरत्या अपंगत्वाचं कलम असलेला अपघात विमा हवा, माझं काम हे आहे, लेखी दर द्या.” यावर तो पुन्हा बचतीच्या पॉलिसीकडे वळला, तर चहा पाजून निरोप द्या. हप्त्यात ‘माझं कमिशन सोडतो’ म्हणाला तरी सावध राहा. विमा कायद्याच्या कलम 41 नुसार अशी सूट देणं आणि घेणं दोन्ही बेकायदा आहे.

अपघात झाला त्याच दिवशी

दावा अडकतो तो बहुतेक वेळा पहिल्या दिवसाच्या कागदांवर. रस्त्यावरचा अपघात असेल तर दवाखान्यात ‘एमएलसी’ नोंद करून घ्या आणि पोलिसांकडे नोंद द्या. आम्ही “कशाला पोलिसांचं झेंगट” म्हणून टाळलं होतं. डॉक्टरांकडून ‘कामास असमर्थ’ आणि बरं झाल्यावर ‘कामास योग्य’ अशी दोन्ही प्रमाणपत्रं, तारखांसह घ्या. एक्स-रे जपून ठेवा. मालकाकडून गैरहजेरीचं पत्र लागतं. दारू पिऊन किंवा परवान्याशिवाय गाडी चालवत असाल तर दावा फेटाळला जाईल, हे धरून चाला.

कंपनीने नाकारलं किंवा तक्रारीला महिनाभर उत्तर दिलं नाही, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. सोलापूरसाठी पुण्याचं कार्यालय आहे. 50 लाखांपर्यंतची तक्रार, फी नाही, वकीलही लागत नाही. आयआरडीएआयचा 155255 हा टोल फ्री क्रमांक आणि ‘बिमा भरोसा’ पोर्टलही आहे.

एक भोक यातलं काहीही केलं तरी उरतं. अपघात विमा कावीळ, टायफॉइड किंवा सरकलेल्या मणक्याला आठवड्याचे पैसे देत नाही. गंभीर आजाराचा विमा यादीतल्या आजारांनाच एकरकमी पैसे देतो. ईएसआयसी नसलेल्या माणसाला तिथे बँकेतली शिल्लकच उपयोगी. आम्ही तीन आयुर्विम्यांपैकी एकाची मुदत संपल्यावर आलेले पैसे म्हणूनच नव्या पॉलिसीत न घालता बाजूला ठेवले आहेत.

काकांना ते फारसं आवडलं नाही. हा लेख लिहिताना त्यांना फोन केला आणि विचारलं, अपघात विमा तुमच्याकडे मिळतो का? मिळतो म्हणाले, एका सर्वसाधारण विमा कंपनीची एजन्सी त्यांच्याकडे बरीच वर्षं आहे.

“मग बाबांना कधी सांगितलं का नाही?”

“त्यांनी कधी विचारलं नाही,” काका म्हणाले. आणि थोडं थांबून, “आणि मीही काढला नाही विषय.”